अंदाजपत्रकात उतरलेला उन्हाळा

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

तुमच्यातले बरेच जण अभियंते आणि नगररचनाकार म्हणून नगरपालिकांत, जिल्हा परिषदांत रुजू व्हाल. म्हणून आज अहमदाबाद महापालिकेने उन्हाळ्याला कसं तोंड दिलं, त्याबद्दल बोलणार आहे.

मे २०१० मध्ये तिथे पारा ४६ अंशांच्या वर गेला. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. महापालिकेच्या शारदाबेन रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, थेट तापलेल्या छताखाली होता. दोन-तीन दिवसांची बाळं उष्णतेमुळे अतिदक्षता विभागात न्यावी लागत होती. डॉक्टरांनी बाळांच्या नोंदी आणि त्या त्या दिवसाचं तापमान एकमेकांशी ताडून पाहिलं. कक्ष खालच्या मजल्यावर हलवल्यावर अशा बाळांची संख्या कमी झाली. हवामानबदलाशी जुळवून घेणं म्हणतात ते हेच, आणि ते करायला त्या इमारतीची माहिती असलेली माणसंच लागतात.

२०१३ मध्ये महापालिकेने उष्णता कृती आराखडा केला. दक्षिण आशियातल्या शहरांत तो पहिला. तापमानाचा अंदाज ४५ अंशांवर गेला की रेड अलर्ट, आणि त्या दिवशी कोणी काय करायचं हे आधीच ठरलेलं: नोडल अधिकारी सगळ्या खात्यांना कळवणार, रुग्णालयं बर्फाच्या पिशव्या तयार ठेवणार, पाण्याची सोय वाढणार. जबाबदारी नावानिशी वाटलेली होती, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

पुढे देशभर असे आराखडे निघाले. २०२३ मध्ये सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संशोधन संस्थेने त्यांतले ३७ तपासले. पैसा कुठून येणार याची चर्चा फक्त ११ आराखड्यांत होती. बाकीच्यांना मी आराखडा म्हणायला तयार नाही. अंदाजपत्रकात खर्चाचं लेखाशीर्ष नसेल तर निविदा निघत नाही, आणि दरसूचीत दर नसेल तर शाळेच्या छताला उष्णता परतवणारा पांढरा रंगसुद्धा लागत नाही.

पैशाच्या याच मुद्द्यासाठी मुंबईकडे पाहा. त्या शहराने २०२२ मध्ये २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं, म्हणजे नेट झिरोचं उद्दिष्ट जाहीर केलं, देशाच्या २०७० च्या उद्दिष्टाच्या वीस वर्षं आधी. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट २०२४ मध्ये झाली: महापालिकेने हवामान अंदाजपत्रक काढलं. खात्याखात्यांच्या खर्चातला कोणता पैसा हवामानबदलाच्या कामावर जातो, ते त्यामुळे नागरिकालाही विचारता येतं. लहान नगरपरिषदांना हे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. या नगरपरिषदांकडे इमारती मोजक्याच असतात आणि अभियंत्याला त्या तोंडपाठ असतात.

तेव्हा नोकरीच्या पहिल्याच वर्षी तुमच्या गावातल्या पत्र्याच्या अंगणवाड्या, शाळा आणि दवाखाने यांची यादी करा. दुपारी दोन वाजता आत जाऊन तापमान मोजा, दुरुस्तीचा खर्च काढा. दिवाळीनंतर अंदाजपत्रकासाठी मागण्या मागवतात, तेव्हा या सगळ्याची टिपणी तुमच्या सहीने पुढे गेलेली असू द्या. ऊन तापल्यावर मागितलेला पैसा पुढच्या उन्हाळ्याला मिळतो.