बाळंतिणीच्या खोलीत गेल्यावर काय बघायचं?

(नागापूर येथे फेडरेशनच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलणाऱ्या ताई गटाच्या सदस्य आहेत आणि आरोग्य विभागातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत.)



आज मी कर्जाचं आणि हप्त्याचं बोलणार नाही. तरी विषय गटाचाच आहे, कसा ते पुढं येईल.

आपल्या नागापुरात एमआयडीसी आहे, त्यामुळं भाड्याच्या खोल्या आहेत. बीडकडचं, परभणीकडचं, पार बिहार-उत्तर प्रदेशातलं जोडपं येऊन राहतं. तो पाळीला जातो, ती दिवसभर खोलीत एकटी. पूर्वी पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. आई, आजी, काकू अशा चार बाया उशाला असायच्या. आता कित्येक पोरी दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी थेट त्या खोलीत येतात, आणि लेकराला कसं धरायचं हे मोबाईलवर बघतात. आशाताईच्या यादीत अशा घराचं नाव नसतं, कारण तिनं सर्वे केला तेव्हा हे लोक इथं राहतच नव्हते. त्या घरी बाळ झालंय हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? भिंतीपलीकडं राहणाऱ्या बाईला. म्हणजे तुम्हाला.

आपल्या देशात पाच वर्षांच्या आत जी लेकरं दगावतात, त्यांतली निम्म्याहून जास्त पहिल्या महिन्यातच जातात. जन्मताच श्वास न घेणं, कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, आणि जंतुसंसर्ग ही मोठी कारणं. यातल्या पहिल्या कारणाला दवाखाना लागतो, म्हणून बाळंतपण दवाखान्यातच करायचं, त्यावर वाद नको. पण पुढच्या दोन गोष्टी घरात घडतात आणि घरातल्या बाईच्या हाताला त्या आधी कळतात.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. त्यांनी खेड्यातल्या, बहुतेक शाळेत न गेलेल्या बायांना आरोग्याचं शिकवलं, आणि त्या बायांनी आपापल्या गावात ते काम करून दाखवलं. १९७९ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढं गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत प्रत्येकी आरोग्यदूत बाई तयार केली. ती बाळंतिणीच्या घरी जायची, बाळाचं वजन करायची, श्वास मोजायची, आईला शिकवायची, गरज पडली तर औषधही द्यायची. सुरुवातीला तिथं हजार बाळांमागं ६२ बाळं पहिल्या महिन्यात जात होती. काम सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, तो आकडा २५ च्या आसपास आला. शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हतं तिथं तो साठाच्या घरातच राहिला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि २०११ पासून आशाताईंच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या.

त्या घरभेटींचे दिवस पाठ करा. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२. दवाखान्यात बाळंतपण झालं तर या सहा भेटी. घरी झालं तर पहिल्या दिवशीची धरून सात. शेजारी बाळ आलं की आशाताईला फोन करायचा आणि पत्ता सांगायचा. एवढ्यानंच ते लेकरू यादीत येतं.

आता खोलीत गेल्यावर काय बघायचं?

आधी साबणानं हात धुवायचे, मग बाळाजवळ जायचं. तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर दारातूनच बोला. आत गेल्यावर हाताची पालथी बाजू बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. पालथी बाजूच, कारण भाकऱ्या थापून आपले तळवे राठ झालेले असतात. पोट गरम, पाय गरम, तर बाळ ठीक. पोट गरम पण पाय गार, तर बाळ गारठायला लागलंय. दोन्ही गार, तर धोका आहे, बाळाला अंगाशी धरूनच दवाखान्यात न्यायचं. नवं बाळ आपल्यासारखं कुडकुडून ऊब तयार करू शकत नाही. आपल्याला उन्हाळ्यात पंख्याखाली बरं वाटतं, तिथं ओल्या लंगोटात दोन किलोचं लेकरू गार पडतं.

बाळ गारठत असलं तर पेटी किंवा हीटर शोधू नका. आईच्या छातीवर, ब्लाऊजच्या आत, बाळाला फक्त लंगोट आणि टोपरं घालून उभं ठेवायचं, कातडीला कातडी लागली पाहिजे. बाळाची मान एका बाजूला वळवायची, नाक मोकळं राहील असं बघायचं. वरून दुपटं, शाल, साडीचा पदर जे असेल ते गुंडाळायचं. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात दवाखान्यात पेट्या कमी पडत होत्या, तिथल्या डॉक्टरांनी हे सुरू केलं. आता मोठमोठ्या दवाखान्यांतही अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला असंच ठेवतात. आई थकली असेल तर बापाच्या छातीवर चालतं. पाळीवरून आलेल्या पोराला आंघोळ करायला लावा आणि द्या त्याच्याकडं लेकरू. पहिल्यांदा लाजतो, मग खाली ठेवत नाही.

आपल्या आज्या बाळाला कुंची घालायच्या, जुन्या धुतलेल्या लुगड्याचं मऊ दुपटं करायच्या. ते अगदी बरोबर होतं. बाळाची पुष्कळ ऊब डोक्यातून जाते. आजीचं सगळं टाकून द्या असं मी कधीच म्हणत नाही. पण जन्मल्याबरोबर आंघोळ नको. निदान २४ तास थांबा, नुसतं कोरड्या कपड्यानं पुसा. कमी वजनाचं बाळ असेल तर नर्सताई सांगेपर्यंत ओल्या फडक्यानं पुसणंच बरं. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको, तिचा वायू दिसत नाही पण आई आणि बाळ दोघांनाही मारू शकतो. ओव्या-शेपांची धुरी त्या इवल्या छातीत जाते, तीही नको. कानात, नाकात तेल नको. मालीश हलक्या हातानं करा. पण नाक सरळ करायला दाबणं आणि बाळाची छाती पिळून ‘दूध काढणं’ बंद करा. ती सूज आईच्या अंगातल्या द्रव्यांमुळं येते आणि आपोआप उतरते. पिळलं तर तिथं पू होतो.

दुसरं, दूध. इथं मी जरा जास्त बोलणार आहे.

गाय व्याली की आपण वासराला आधी चीक पाजतो. नाही पाजला तर वासरू जगायचं नाही, हे लहान पोरालाही माहीत असतं. उरलेल्या चिकाचा खरवस करतो आणि वाटीभर शेजारी देतो. आणि सुनेचा पिवळा चीक मात्र ‘जड आहे, बाधेल’ म्हणून पिळून टाकायला लावतो! बाळाला आजाराशी लढायची ताकद त्या चिकातच असते. जन्मल्यावर तासाभरात बाळ छातीला लागलं पाहिजे. सिझेरियन झालं तरी कुणी धरायला असेल तर लावता येतं. पहिले दोन दिवस ‘दूधच येत नाही’ असं प्रत्येक पोरगी म्हणते, आणि प्रत्येक सासूला पावडरचा डबा आठवतो. बाळाचं पोट तेव्हा एवढंसं असतं, चमचा-चमचा चीक त्याला पुरतो. वरचं दूध दिलं की बाळ कमी ओढतं, आणि बाळानं कमी ओढलं की दूध कमी येतं. मग खरंच पुरत नाही.

मध नको, साखरपाणी नको, गुटी नको, पाणीसुद्धा नको. सहा महिने फक्त आईचं दूध. मधातून असा जंतू जाऊ शकतो की वर्षाच्या आतल्या बाळाचे स्नायू लुळे पडतात.

पाजताना बघा. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं हवं, हनुवटी छातीला टेकलेली, आणि नुसतं बोंड नाही तर भोवतालचा काळा भागही बराचसा तोंडात. तसं नसेल तर बोंडाला भेगा पडतात, पोरगी कळवळते आणि पाजायचं टाळते. तिला ‘सोस’ म्हणू नका. बाळ सोडवून पुन्हा नीट लावून द्या, ते काम दोन मिनिटांचं आहे. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं. कमी वजनाचं बाळ झोपूनच राहतं, रडतसुद्धा नाही. त्याला ‘शहाणं बाळ’ म्हणायचं नाही, दर दोन तासांनी उठवून पाजायचं. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा वेळा लघवी होत असेल तर दूध पुरतंय. सुरुवातीला वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत भरून निघतं, त्यानं घाबरू नका.

नाळेला काही लावू नका. हळद, राख, तेल, कुंकू काहीच नाही. लंगोट नाळेच्या खाली बांधा, नाळ कोरडी राहू द्या, ती आपोआप गळते. डोळ्यांत काजळ नको. दृष्ट लागते असं वाटत असेल तर तळपायाला तीट लावा, कुणी अडवत नाही.

आता कधी धावायचं ते सांगते. बाळ दूध ओढत नाही, किंवा काल ओढत होतं आणि आज सोडलं. रडणं क्षीण झालं, हलवल्याशिवाय हालचाल नाही. झटके आले. अंग तापलं किंवा गार पडलं. मोठ्यांना ताप येतो, पण नव्या बाळाला आतून जंतुसंसर्ग झाला की ते उलट गारही पडतं. पहिल्याच दिवशी पिवळं दिसलं, किंवा नंतर तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा उतरला. नाळेभोवती लाली पसरली, पू आला. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, किंवा मिनिटाला श्वास ६० किंवा त्याहून जास्त झाले. यातलं एक जरी दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला किंवा १०२ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचा उपचार, औषधं, तपासण्या आणि गाडी मोफत आहे, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम त्यासाठीच आहे. वाटेत बाळ आईच्या छातीशीच ठेवा आणि पाजत राहा.

आईकडंही बघा. रक्त फार जातंय का, ताप आहे का, अंगावरून घाण वास येतोय का, ती सारखी रडतेय का. आणि तिला पाणी प्यायला द्या! बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं ही रीत कुणी काढली देव जाणे.

आता गटाचं. उपचार मोफत असला तरी रात्री अकराला रिक्षाला, सोबतच्या माणसाच्या जेवणाला पैसे लागतात. खूप घरांत उशीर होतो तो याच्यामुळं. ‘उद्या पगार आहे, उद्या नेऊ.’ मुलगी असेल तर आणखी एक दिवस. म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक गटानं इतिवृत्तात ठराव लिहावा: नवजात बाळ किंवा बाळंतीण आजारी असेल तर अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या संमतीनं दोन-तीन हजार रुपये त्याच दिवशी द्यायचे, मंजुरी पुढच्या बैठकीत घ्यायची. भाडेकरू पोरगी गटाची सदस्य नसेल तर सदस्यानं तिच्यासाठी उचल घ्यावी, हे तुम्हाला पटतं का ते तुम्ही ठरवा. मला पटतं.

मघाशी मागून एक ताई म्हणाल्या, सव्वा महिना बाळाला घराबाहेर काढत नाहीत, मग दवाखान्यात कसं न्यायचं? ताई, बाळ बरं असेल तर ठेवा की घरात, गर्दीपासून लांब राहिलेलं चांगलंच. सहा आठवड्यांची लस सव्वा महिन्यानंतरच येते, म्हणजे तिथं भांडण नाही. जन्मताना द्यायच्या लसी दवाखान्यातून निघण्याआधी झाल्या का तेवढं कार्डावर बघा. पण बाळ आजारी पडलं तर सव्वा महिना मोजत बसायचं नाही. आणि पाचवी पुजायची तर पुजा, फक्त त्या रात्री खोलीत पंधरा बाया आणि धूप नको.

श्वास मोजायचं सांगून मी थांबले तर उपयोग नाही, ते हातानंच शिकावं लागतं. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, पोटावरचं कापड बाजूला करून बघायचं. पोट वर आलं, खाली गेलं, की एक. पुरं एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, नवं बाळ मध्येच भरभर श्वास घेतं, मध्येच थांबतं. ६० च्या वर आले तर थोड्या वेळानं पुन्हा मोजा, पुन्हा तेवढेच आले तर निघा. चहा यायला अजून वेळ आहे. दोघी-दोघी समोरासमोर बसा, मोबाईलचं घड्याळ काढा, आणि आधी एकमेकींचे मोजून बघा.