रक्तदाब : श्वास, तेल आणि गोळी

(भाषणाचा संपादित अंश)



चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थास डॉक्टर रक्तदाबाची गोळी लिहून देतात आणि घरी येताच त्याला सल्ला मिळतो, ‘गोळीची सवय लागेल, त्यापेक्षा प्राणायाम कर.’ माझा वाद या सल्ल्याशी आहे, प्राणायामाशी नव्हे.

श्वास आणि रक्तदाब यांचा संबंध काल्पनिक नाही. मानेतील रोहिण्यांच्या भित्तीत दाबाची जाणीव ठेवणारी संवेदनाकेंद्रे असतात. मिनिटाला पंधराऐवजी सहाच श्वास, तेही उच्छ्वास लांबवून घेतले की ती अधिक तत्पर होतात, हृदयाची गती मंदावते आणि रक्तवाहिन्यांचा ताण सैलावतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले, ते योगक्रियांचे परिणाम उपकरणांनी मोजून पाहण्यासाठीच. ‘मोजून’ हा शब्द ध्यानी घ्यावा. मोजल्यावर दिसते ते असे, की दीर्घश्वसनाने दाब साधारणतः काही मिलिमीटरच उतरतो. १६० वर गेलेला दाब केवळ त्यावर १२० ला येईल, ही आशा व्यर्थ होय.

तथापि ते काही मिलिमीटर सोडू नयेत! ताठ बसून चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा, सहा अंक मोजत सोडावा. रोज दहा-पंधरा मिनिटे. भ्रामरीही चालेल. श्वास कोंडणे आणि वेगवान भस्त्रिका-कपालभाती मात्र दाब वाढलेल्यांनी टाळावी, मग दूरचित्रवाणीवर कोणी काहीही करून दाखवो.

अभ्यंग आपल्याकडे दिवाळीपुरते उरले आहे. वाग्भटाने ते दिनचर्येत सांगितले. मस्तक, कान आणि पाय यांवर विशेष भर दिला. अजीर्णात ते वर्ज्य, हेही त्यानेच सांगितले. निजण्यापूर्वी तळपायांस कोमट तिळाचे तेल दहा मिनिटे चोळावे. सून, मुलगा, पत्नी, कोणी चोळून दिले तर अधिकच उत्तम. मन निवते, झोप लागते. मानेच्या दोन्ही बाजू मात्र दाबू नयेत. मघाशी सांगितलेली संवेदनाकेंद्रे तेथेच आहेत, अकस्मात भोवळ येऊ शकते. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळूच नये. आत रक्ताची गुठळी असू शकते.

लोणचे-पापडांविषयी गृहिणींना मी काय सांगावे? दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत हवे, म्हणजे चहाचा एक चमचाही नव्हे.

वाढलेला दाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच ‘बरे वाटते’ म्हणून गोळी सोडणारा माणूस एके दिवशी पक्षाघाताने आडवा होतो. पाच मिनिटे स्वस्थ बसून, पाठ टेकवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून दाब मोजावा आणि वहीत लिहावा. गोळी कमी करायची की नाही, हे ती वही पाहून डॉक्टरांनीच ठरवावे.