वाडा जगतो कशावर?



मी होमिओपॅथीचा डॉक्टर. इतिहासाचा अभ्यासक नाही. पण जुन्या वाड्यात वाढलो आणि त्याच वाड्याच्या ढेलजेत आजही पेशंट तपासतो. तेवढ्या अधिकारावर बोलतो. उदाहरण मात्र पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे घेतो, कारण आपल्या घरांपुढचा प्रश्न तिथे मोठ्या आकारात दिसतो.

हा वाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला. १८१० च्या सुमारास तो पुरा झाला, खर्च सुमारे दोन लाख रुपये. दर्शनी बाजूला सुरूच्या झाडासारखे निमुळते लाकडी खांब, वर केळफुलाची नक्षी, पुढे आलेला सज्जा आणि आत एकामागून एक चौक. १८१८ मध्ये पेशवाई गेली. मालक गेला, तरी वाडा रिकामा राहिला नाही. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढच्या डेक्कन कॉलेजचे मूळ तेच. नंतर सरकारी कचेऱ्या आल्या, नगरपालिका आली, टपाल कार्यालय आले. १८७९ च्या आगीत पूर्वेची बाजू जळाली, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली, नगरपालिकेने पैसे घातले आणि ती बाजू पुन्हा उभी राहिली.

याच्या उलट शनिवारवाडा पाहा. मान त्याचा कितीतरी मोठा. पण १८२८ च्या आगीत आतले महाल जळाले आणि ते परत कोणी बांधले नाहीत. आज तट, दरवाजे आणि जोती पाहून आपण परत येतो. आग दोघांनाही लागली. ज्याची लोकांना रोज गरज होती, तो वाचला. वाडा कीर्तीवर जगत नाही, कामावर जगतो, असे मला वाटते.

आता वाड्याच्या शरीराकडे येऊ. वाड्याचा भार भिंत फारसा उचलत नाही. तो लाकडी सांगाडा उचलतो. दगडी जोते, त्यावर तळखडा, तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण, आणि घर किती मोठे ते खणांवर सांगायचे. मधला चौक म्हणजे घराचे फुप्फुस. तापलेली हवा वर जाते, उजेड आत येतो. आपल्याकडे मे महिन्यात अंगाची लाही होते आणि डिसेंबरात हुडहुडी भरते. जाड मातीच्या भिंती दोन्ही सोसतात. सागवान आपल्या रानातले, पाऊस भरपूर, म्हणून वर उतरते कवेलूचे छप्पर.

या घरांना आम्ही काय केले, ते आमच्याच घरावरून सांगतो. चाळीसेक वर्षांपूर्वी वाटणी झाली आणि चौकाच्या मधोमध भिंत उठली. माझी आजी चौविहार पाळायची. सूर्यास्ताआधी चौकातल्या उजेडात जेवायची. भिंत आल्यावर स्वयंपाकघरात पाच वाजताच बल्ब लागू लागला. पुढे आम्ही मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. बाहेरून घर चकचकीत झाले, पण आतली ओल बाहेर पडेना. खांबांची बुडे कुजली, वाळवी लागली. आमच्या शास्त्रात म्हणतात, वरचे पुरळ दाबले की रोग आत शिरतो. मी पेशंटला हे रोज सांगत होतो आणि घरी नेमके तेच करत होतो!

आता पुतणे म्हणतात, "काका, पाडून फ्लॅट बांधू." त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. कवेलू फेरणारा माणूस मिळत नाही, डागडुजीला पैसा लागतो, हिस्सेदार वाढलेत. मी रागावलो नाही. भावांना एवढेच म्हटले, आधी मधली भिंत काढून एक वर्ष राहून पाहू. वाटणी कागदावर तशीच ठेवली आणि भिंत काढली. गिलावा खरवडून चुन्याचा केला. ढेलजेत दवाखाना आहेच. मागच्या सोप्यात आता पुतणीचे शिवणाचे वर्ग चालतात. वाडा पुढे टिकेल की नाही, मुलांनी ठरवायचे. पण सध्या त्याला काम आहे.

आणखी एक. १९५६ मध्ये भाषावार राज्ये झाली. किनवट आणि राजुरा हे आपल्या जिल्ह्याचे तालुके मराठी मुलखात गेले, आपण इकडे राहिलो. त्यामुळे माझ्या घरच्या पेटीत खरेदीखत उर्दूत, हिशेबाच्या वह्या मोडीत आणि घरपट्टीची पावती तेलुगूत आहे. तिन्ही वाचणारा माणूस घरात एकही नाही. तुमच्या पेट्याही अशाच असतील.

म्हणून विनंती एवढीच. वाडा ठेवा किंवा पाडा, पण त्याआधी खण मोजून नकाशा काढा, चौकाचे फोटो घ्या, कागद जाणकाराकडून वाचून घ्या. आणि ठेवणार असाल, तर त्याला काम द्या. कुलूप लावलेला वाडा दोन-चार पावसाळ्यांत खचतो.