माळ कोणाचा?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



१९९६ साली दहावी होऊन आपण या शाळेतून बाहेर पडलो. त्यानंतर आज पहिल्यांदा मी या व्यासपीठावर उभी आहे. शाळेत असताना मला भाषणाला उभं केलं की पाय लटपटायचे, हे समोर बसलेल्या बाईंना आठवत असेल. आजही फार फरक पडलेला नाही. पण विषय माझ्या आवडीचा आहे आणि तो तुम्हीच दिलाय.

गेले दोन महिने आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा चालू आहे की डिसेंबरमध्ये मुलांना घेऊन दोन रात्री रानात राहायचं. तंबू ठोकायचे, चूल मांडायची, दोरीच्या गाठी शिकायच्या. कुणी म्हणतं तानसा तलावाच्या काठी जाऊ, कुणी म्हणतं माहुलीवर. मी अधूनमधून असं जाऊन राहते म्हणून तुम्ही मला विचारलंत, "जागा कुठली धरायची, ते तू सांग." सांगते. पण आधी माझी एक चूक सांगते, कारण जागा कशी निवडायची हे मी त्या चुकीतूनच शिकले.

आठ वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या शनिवारी आम्ही दोन कुटुंबं शहापूरच्या बाजूला गेलो होतो. मुलं लहान होती. रस्त्यावरून एक सुंदर माळ दिसला. कुंपण नाही, पाटी नाही, माणूस नाही. आम्ही ठरवून टाकलं की ही जागा कोणाचीच नाही. तंबू ठोकले. मी इंटरनेटवर व्हिडिओ पाहून चकमकीनं जाळ करायला शिकले होते, ते मुलांना दाखवायचं होतं. जाळ झाला, टाळ्या पडल्या. संध्याकाळी वारा सुटला आणि एक ठिणगी बाजूच्या गवतात गेली. दिवाळीनंतरचं वाळलेलं, कमरेएवढं गवत. आमच्याकडे पाण्याच्या पाच बाटल्या होत्या. मुलांना उचलून आम्ही रस्त्याकडे पळालो.

धूर पाहून जवळच्या पाड्यावरची माणसं धावत आली. हिरव्या पाल्याच्या फांद्या तोडून त्यांनी आग झोडपून विझवली. दोन-तीन गुंठे गवत गेलं. एक आजी माझ्याजवळ आली. ती ओरडली नाही. म्हणाली, "ताई, माळ रिकामा नाय गं. यंदाचं गवत हाय आमचं."

आपण भिवंडीची माणसं. गवताच्या गंज्या आणि गवतानं भरलेले ट्रक पाहत लहानाचे मोठे झालो. मुंबईच्या तबेल्यांना जाणारं ते गवत कुठेतरी उगवतं, कोणीतरी ते कापतं आणि त्या पैशांवर कोणाचं तरी घर चालतं, हे मला त्या दिवशी कळलं. गवताचे पैसे आम्ही दिले, आजीनं मोजून घेतले. निघताना म्हणाली, "वस्तीत येऊन इचारलं असतं, तर अंगणात जागा दिली असती."

म्हणून जागा निवडताना माझा पहिला प्रश्न असतो, "ही कोणाची?" आपल्याकडे कोणाचीच नसलेली जागा नसते. ती एक तर वनखात्याची असते, नाही तर शेतकऱ्याची, गावकीची किंवा धरणाची. तानसा तलावाचं उदाहरण घ्या. १८९२ सालचं हे धरण मुंबईला पिण्याचं पाणी देतं आणि भोवतालचं जंगल अभयारण्य आहे. माहुलीही त्याच अभयारण्यात येतो. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही आणि आग लावणं हा गुन्हा आहे. राखीव जंगलातही १९२७च्या वन कायद्याखाली जाळ करण्यावर बंधनं आहेत. यात नुसती कायद्याची भीती नाही. मार्च २०१८मध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वाळलेल्या गवताला आग लागली आणि ट्रेकला गेलेल्या वीसहून अधिक जणांचा जीव गेला.

माहुली बघायलाच हवा. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीसाठी शेवटची झुंज दिली, ती याच किल्ल्यावरून. पण तो आपण दिवसा चढू, वनखात्याच्या नाक्यावर रीतसर नोंद करून, आणि उजेडात खाली येऊ. मुलांची पहिली रात्र आणि पहिली चूल तिथे नको.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पाड्याजवळचा, मालकाला विचारून घेतलेला माळच निवडावा. पोलीस पाटलाच्या कानावर घालून ठेवावं. मग बाकीच्या गोष्टी बघाव्यात.

पाणी जवळ हवं, पण मुक्काम पात्रात नको. वर धरण असेल तर पाऊस नसतानाही पाणी सोडतात. तंबू उंचवट्यावर असावा; खोलगटात रात्री गारठा साचतो. डोक्यावर वाळलेली फांदी नको आणि आग्या मोहोळ तर नकोच. धुरानं आणि अत्तराच्या वासानं त्या माश्या उठतात. मोबाइलला रेंज हवी. गाडी तंबूपर्यंत येत असावी आणि शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाचा रस्ता आधी पाहून ठेवलेला असावा.

सापाबद्दल सगळ्यांनी विचारलंय. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कित्येकदा दंश दुखतही नाही. म्हणून तळ शिवलेला आणि चेन नीट लागणारा तंबूच घ्यायचा. बूट झटकून घालायचे. अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही. दंश झालाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. माणसाला चालवायचं नाही, स्थिर ठेवून थेट रुग्णालयात न्यायचं.

आता शिकायचं काय? आम्ही सॉफ्टवेअरवाले नवा कोड थेट लाइव्ह करत नाही, आधी चाचणी घेतो. तसं पहिली रात्र आपापल्या गच्चीवर काढा. काय विसरलं ते अर्ध्या रात्री कळेल आणि स्वयंपाकघर खालीच असेल.

गाठींसाठी व्हिडिओची गरज नाही. आपल्या गावात ट्रकवर ताडपत्री बांधणारा कोणताही माणूस मुलांना दहा मिनिटांत शिकवेल. न सुटणारी निरगाठ आणि एका झटक्यात सुटणारी सुरगाठ, एवढ्या दोन आल्या की ताडपत्रीचं छप्पर उभं राहतं. माझे बाबा मागावर तुटलेली तार डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडायचे. ती गाठ मला येत नाही आणि आता विचारायला ते नाहीत. तुमच्या घरी कोणी असेल तर मुलांना आजच त्यांच्याशेजारी बसवा.

कोयता बसूनच चालवायचा, अंगापासून दूर, आणि हाताच्या अंतरात दुसरं कोणी नको. पाणी खळखळून उकळायचं. शौचाला पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावलं लांब, वीतभर खड्डा करून, वर माती लोटायची.

आणि जाळ. तो उघड्या मातीवर, गवत साफ करून, पाण्याच्या दोन बादल्या शेजारी भरून ठेवल्यावर. झाडं तोडायची नाहीत. पाड्यावरून मोळी विकत घ्यायची. वारा सुटला तर चूल पेटवायची नाही, चिवडा खायचा. विझवताना पाणी ओतायचं, ढवळायचं, पुन्हा ओतायचं आणि राखेवर हाताची पालथी बाजू धरून बघायचं. गरम लागली तर विझलेली नाही. जाळ करण्याआधी विझवणं शिकायचं, हा क्रम मी उलटा केला होता.

पुढच्या वर्षी मी त्याच पाड्यावर गेले. या वेळी विचारून. आजीनं खरंच अंगणाजवळ जागा दिली. तिच्या मुलानं माझ्या मुलीला मुरुडशेंगेच्या सालीची दोरी वळायला शिकवली. मी केलेली तीन दगडांची चूल बघून तो हसला आणि तिचं तोंड वाऱ्याकडे करून दिलं. तेव्हापासून दर वर्षी जातो. गवत कापून झालं की त्यांचा फोन येतो.

डिसेंबरसाठी मी त्यांच्याशी बोलले आहे. गवत तोवर कापून झालेलं असेल आणि सात-आठ तंबू मावतील. जागेचे आणि जेवणाचे पैसे त्यांनी सांगितले आहेत, त्यात घासाघीस करायची नाही. ज्यांना यायचंय त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नावं द्या. गच्चीवर एक रात्र काढली आहे की नाही, तेही मी विचारणार आहे.

बाई, तुम्ही भूगोलाच्या तासाला नकाशावरचा तानसा दाखवला होतात. या वेळी तुम्हीही चला. तुमच्यासाठी खाट आजीच्या ओटीवर टाकू, मी विचारून ठेवलंय.