चार दिवस, एक शहर : व्हॅलेन्सियाच्या सहलीचा ताळेबंद

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक गटाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी थोडा आवरून लिहिला आहे.)



गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला जाऊन आलो. तेव्हापासून लिफ्टमध्ये, वॉकिंग ट्रॅकवर, दुधाच्या रांगेत सगळे विचारतात, "काय हो, एवढं लांब जाऊन एकच शहर? तेही चारच दिवस?" सेक्रेटरी म्हणाले, एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच माईकवर सांगून टाका. म्हणून उभा आहे. बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस आहे, त्यामुळे जमा आणि नावे, दोन्ही बाजू सांगणार.

आधी नावेची बाजू. परदेशी जायचं हे आमच्या घरात तीस वर्षं ठरत होतं. आधी मुलाची दहावी आडवी आली, मग आईचं आजारपण, मग "रिटायर झाल्यावर बघू", मग कोविड, आणि मग सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन. सगळं उरकलं तेव्हा मी पंधरा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या टूरची पत्रकं आणली. सौ.ने ती चष्मा लावून नीट वाचली आणि म्हणाली, "मला सात देश नकोत. समुद्र असलेलं एक गाव दाखवा, जिथे दुपारी झोपता येईल."

आता दुपारी सगळा गाव झोपतो असं ऐकलेला देश एकच, स्पेन. बार्सिलोनाला गर्दी फार, असं कळलं. व्हॅलेन्सिया हे तिथलं तिसरं मोठं शहर. लोकवस्ती आठ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबात आटोपशीर. भूमध्य समुद्राचा किनारा आहे, जुनं गाव पायी फिरण्यासारखं आणि जमीन सपाट. सपाट हा शब्द गुडघ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. लागतो तो शेंगेन व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण तो "निदान" विसरा, तीन महिने आधी कामाला लागा. फी 90 युरो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो. आपल्या वयात त्यातलं आधीपासूनच्या आजारांबद्दलचं कलम बारीक अक्षरात असलं तरी पूर्ण वाचा. जन्मभर मी दुसऱ्यांकडे कागद मागितले. आता रांगेत फाईल घेऊन बसलो तेव्हा कळलं, समोरच्याला कसं वाटत असेल.

महिना कोणता? मार्चमध्ये तिथे फाय्यास नावाचा उत्सव असतो, 19 तारखेपर्यंत. चौकाचौकांत प्रचंड पुतळे उभारतात आणि शेवटच्या रात्री जाळतात. बघण्यासारखं असेल, पण फटाके आणि गर्दी आपल्याला झेपणारी नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक. शरद ऋतूत कधी कधी भयंकर पाऊस कोसळतो. ऑक्टोबर 2024 मध्ये व्हॅलेन्सियाच्या आसपासच्या गावांत पूर येऊन दोनशेच्या वर माणसं गेली, हे आपण टीव्हीवर पाहिलंच. म्हणून मे. हवा सुखावह आणि अंधार पडतो रात्री नऊनंतर.

मुंबईहून थेट विमान नाही, मध्ये एकदा बदलावं लागतं. माद्रिदला उतरलात तर वेगवान गाडी दोन तासांच्या आत व्हॅलेन्सियाला पोचवते. विमानतळावरून शहरात मेट्रो येते. हॉटेल मात्र जुन्या गावाजवळ, मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल असं घ्या. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, कारण दुपारी परत येऊन पडता आलं पाहिजे.

आता माझी चूक सांगतो. कबूल करतो, भाषण खरं तर त्यासाठीच आहे.

मी कॉम्प्युटरवर तक्ता केला होता. चार दिवस, तासातासाचे रकाने. पहिल्याच दिवशी अकरा नोंदी. आपल्याकडच्या घड्याळापेक्षा तिथलं साडेतीन तास मागे, त्यामुळे पहाटे चारलाच जाग आलेली. साडेसातला मध्यवर्ती बाजार उघडतो, तिथे हजर. लोखंड, काच आणि रंगीत फरश्यांची ही 1928 सालची इमारत. आत संत्री, टोमॅटो, केशर, मासे यांचे ओळीने गाळे. सौ. तिथे रमली होती, पण मी घड्याळ बघत होतो. तिथून समोरचा रेशीम बाजार, मग कॅथेड्रल, मग तुरियाची बाग.

या बागेची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तुरिया नदी पूर्वी शहराला वळसा घालून वाहायची. ऑक्टोबर 1957 मध्ये मोठा पूर आला, ऐंशीच्या आसपास माणसं गेली. मग सरकारने नदीचं पात्रच शहराच्या दक्षिणेला हलवलं. कोरड्या पात्रात हमरस्ता करायचा घाट होता. नागरिक अडून बसले की, हे पात्र आमचं आहे, इथे झाडंच हवीत. शेवटी लोकांचं ऐकलं गेलं आणि आज तिथे सुमारे नऊ किलोमीटरची बाग आहे. वर जुने पूल तसेच, खाली पाण्याच्या जागी झाडं, सायकली आणि म्हातारी माणसं. आणि 2024 च्या पुरात जुनं शहर वाचलं ते त्याच वळवलेल्या नदीमुळे, मात्र नव्या पात्रापलीकडच्या गावांनी तो मार खाल्ला. प्रत्येक योजनेला अशी दुसरी बाजू असते.

तर त्या बागेत, फुलांच्या कुंड्यांनी भरलेल्या एका पुलापाशी, दुपारी बाराला सौ. बाकावर बसली. म्हणाली, "तुम्ही जा पुढे, मी बसते." बागेच्या टोकाला कालात्रावा या तिथल्याच वास्तुरचनाकाराने आखलेली, पांढऱ्या सांगाड्यांसारखी कला-विज्ञान नगरी आहे. ती तक्त्यात एक वाजता लिहिलेली. मी चिडलो. "इतके पैसे घालून बाकावर बसायला आलो का?" असं बोललो आणि खरंच एकटा पुढे गेलो.

तासाभराने परत आलो तर बाक रिकामा. फोन लावला, लागेना. दोघांचं रोमिंग घ्यायचं तक्त्यात होतं, पण मी पैसे वाचवायला एकट्याचंच घेतलं होतं. पुढच्या पुलापर्यंत गेलो, परत आलो. तिथली भाषा येत नाही, विचारणार काय? हातवारे करून एकाला साडी दाखवायचा प्रयत्न केला. त्यात तिने त्या दिवशी पंजाबी ड्रेस घातला होता, हे आठवलं आणि पायातलं बळच गेलं. चाळीस मिनिटांनी सापडली. बाकावर ऊन आलं म्हणून पलीकडच्या बाजूला झाडाखाली जाऊन बसली होती, शेजारच्या स्पॅनिश आजीबाईने दिलेलं संत्रं सोलत. मला बघून म्हणाली, "झालं का बघून सगळं?"

मला बोलता आलं नाही. तिने संत्र्याच्या चार फोडी हातात दिल्या. हॉटेलवर आलो, तक्ता फाडला आणि दोघंही पाच वाजेपर्यंत झोपलो.

संध्याकाळी नवा नियम केला : दिवसाला एकच नोंद. बाकी कोरं. ती एक नोंद सौ. आणि मी आळीपाळीने निवडायची. आणि कुठेही निघण्याआधी, चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, ते ठरवायचं. तिचंही रोमिंग त्याच रात्री चालू केलं.

दुसऱ्या दिवशीची नोंद तिची : पुन्हा बाजार आणि रेशीम बाजार, पण सावकाश. आदल्या दिवशी मी तिथून धावलो होतो. हा रेशीम बाजार 1482 साली बांधायला घेतला. दालनात पिळलेल्या दोरासारखे उंच खांब. भिंतीवर वर सोनेरी अक्षरांत व्यापाऱ्यांना सांगितलंय की, जो खोटं बोलत नाही, दिलेला शब्द पाळतो आणि अवाजवी व्याज घेत नाही, त्याची भरभराट होते. शहराची पेढीही इथेच बसायची. बँकेच्या माणसाने मान खाली घालून वाचावं असं ते वाक्य.

तिसरा दिवस गुरुवार आणि नोंद माझी. गुरुवार सहलीत येईल अशाच बेताने तिकिटं काढली होती. दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दारात पाणी-न्यायालय बसतं. तुरियाच्या पाण्यावर आठ पाट आहेत, त्या प्रत्येकाचा शेतकऱ्यांनी निवडलेला एक पंच. काळे डगले घालून आठ जण खुर्च्यांवर गोल बसतात. एकेका पाटाचं नाव पुकारलं जातं, तक्रार असेल त्याने पुढे यायचं. वकील नाही, कागद नाही, सगळं तोंडी आणि निकाल तिथल्या तिथे. ज्याच्यावर तक्रार, त्याच्या पाटाचा पंच निकालात भाग घेत नाही. ही परंपरा हजारेक वर्षांची, अरबांच्या काळापासूनची मानतात.

नोकरीत मी धुळे जिल्ह्यात साक्रीकडे होतो. पांझरेच्या बंधाऱ्यांवरची फड पद्धत पाहिली होती. कोणत्या फडात कोणतं पीक ते शेतकरी मिळून ठरवायचे, पाटकरी पाण्याची पाळी सांभाळायचा. म्हणून मला हे बघायचंच होतं. आम्ही गेलो त्या दिवशी आठही नावं पुकारली गेली आणि एकही तक्रार नव्हती. पाच मिनिटांत आटोपलं. सौ. म्हणाली, "एवढ्यासाठी?" मी म्हटलं, "अगं, आपलं ते टँकरचं वर्ष आठव. पाण्याची सभा पाच मिनिटांत संपली होती का कधी?" ती इतकी हसली की शेजारचे वळून बघायला लागले.

चौथ्या दिवशी ट्राम धरून मालवारोसाच्या किनाऱ्यावर गेलो. वाळू, निळं पाणी. पाय भिजवले, बसलो. बस्स.

खाण्याबद्दल बायका विचारतात. जेवणाची वेळ दुपारी दोननंतर, रात्री साडेआठ-नऊनंतर. मधे भूक लागते, तर पिशवीत काहीतरी ठेवा. पाएया हा भाताचा प्रकार इथलाच. मूळचा कोंबडी, ससा, शेंगा आणि केशर घातलेला, आणि तो दुपारीच खातात. शाकाहारी मंडळींनी भाज्यांचा मागावा, पण पाणी कशाचं वापरलंय ते विचारावं. "सिन कार्ने, सिन पेस्कादो", म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढं पाठ करा. शिवाय "सिन हामोन" म्हणा, कारण डुकराच्या मांसाचे तुकडे कुठेही सापडतात. ओर्चाता नावाचं थंड दुधाळ पेय मात्र निर्धास्त प्या. आपल्या उटण्यातल्या नागरमोथ्याच्या भावकीतल्या एका कंदाचं असतं, त्यात दूध नसतंच.

शेवटची बेरीज. कला-विज्ञान नगरी सौ.ने बघितली नाही, मत्स्यालय दोघांनीही नाही. कॅथेड्रलच्या मनोऱ्याच्या 207 पायऱ्या खालूनच मोजल्या. तक्त्याप्रमाणे निम्मी सहल बाकी राहिली. पण परत येताना विमानात सौ. म्हणाली, "तीस वर्षं उगाच थांबलो हो." या वाक्याची एन्ट्री कोणत्या रकान्यात करायची, ते मला अजून समजलेलं नाही.

तुमच्यापैकी ज्यांचं "पुढच्या वर्षी बघू" चाललंय, त्यांनी या रविवारी पासपोर्टची तारीख तरी बघा. कागदांची यादी माझ्याकडे आहे, झेरॉक्स काढून देईन. तक्ता मात्र मागू नका.