मुलीची जात आणि अंगणातील विज्ञान
(विहारातील पालक-सभेत केलेले भाषण)



आज मी कायद्याच्या पुस्तकापासून नव्हे, तर या विहाराच्या अंगणापासून आरंभ करतो. आत येताना पाहिले. पन्हळीखाली साचलेल्या पाण्याला चार-पाच वर्षांची मुले वाट काढून देत होती. मातीचा बांध घातला, पाणी तुंबले, बांध तळाशी फुटला. एका मुलीने तेथे खापरी लावली आणि बांध टिकला. तोच हाक आली, "अगं, मुलीची जात तुझी! चिखलात काय लोळतेस? बाळाला घे." मुलगी उठली; मुलगे खेळत राहिले.

प्रसंग क्षुल्लक वाटेल. परंतु पाण्याचा दाब तळाशी अधिक असतो, हे त्या मुलीच्या हाताला पुस्तकाआधी कळले होते. तर्क करणे, करून पाहणे, चुकल्यास कारण शोधणे, हीच विज्ञानाची पहिली पायरी होय. भोवरा फिरविणाऱ्या मुलास आपण हुशार म्हणतो. परंतु वर फेकलेला सागरगोटा खाली येण्याच्या आत बाकीचे टिपणाऱ्या मुलीस रिकामटेकडी म्हणतो. निसर्गाचा नियम दोहोंकडे एकच आहे. भेद आपल्या दृष्टीत आहे.

आणि शब्द कोणता वापरतो? 'मुलीची जात'! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांसह आपण जात टाकली, सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा घेतली. मग ही जात घरात कशी राहिली? २० मार्च १९२७ रोजी महाडला आपले पूर्वज पाण्याला हात लावण्यासाठी चवदार तळ्यावर गेले. त्यांच्याच पणतीचा हात आपण पाण्यातून ओढून काढावा काय? तथागतांनी कालामांना सांगितले की, परंपरेने आले म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. हा उपदेश केवळ मुलांसाठी नव्हता.

मात्र हाक मारणाऱ्या मातेस मी दोषी धरीत नाही. तिला मजुरीस जायचे असते आणि बाळाला कोणी तरी सांभाळावेच लागते. येथे राज्याचे कर्तव्य सुरू होते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालील बालके मात्र अनुच्छेद ४५ च्या मार्गदर्शक तत्त्वात राहिली, आणि अशा तत्त्वाची अंमलबजावणी न्यायालयाकडून करवून घेता येत नाही. म्हणून जे न्यायालयात मिळत नाही, ते संघटनेने मिळविले पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मुलाला कामातून सुटका नसेल तर शिक्षणाने त्याच्यापाशी जावे, हा त्यातील बोध आहे.

माझ्या मागण्या तीन आहेत. वस्तीतील अंगणवाडीला मोकळे अंगण, माती आणि पाणी असावे, आणि तेथे मुलींना मुलांइतकाच वेळ खेळू द्यावे. तान्ह्या बाळांसाठी पाळणाघर व्हावे. त्याकरिता ग्रामसभेत व नगरपालिकेत अर्ज द्या, मसुदा मी विनामूल्य लिहून देईन. तिसरी मागणी तुमच्याकडेच आहे. आजपासून 'मुलीची जात' हा शब्द घरातून हद्दपार करा.

सभा संपल्यावर त्या मुलीला विचारा, खापरी तेथेच का लावलीस? ती काय सांगते ते शांतपणे ऐका.

जय भीम!