पाठीचे दुखणे आणि हाताची विद्या
(ज्ञातिबांधवांच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आरोग्य या विषयावर चार शब्द सांगण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. आम्ही वैद्य नव्हे, की डॉक्टरही नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर शाळेत मुलांकडून अक्षरे गिरवून घेतली, एवढीच आमची विद्या. परंतु पाठीचे दुखणे हा विषय आपणां शिंप्यांच्या घरचाच आहे. पायाने चालविण्याच्या शिवणयंत्रावर वाकून आपल्या वाडवडिलांनी संसार उभे केले. त्यांनी घातलेली शिवण गावाने पाहिली. वाकलेली पाठ मात्र घरच्यांनीच पाहिली. आज आपली मुले संगणकापुढे बसतात. आसन बदलले, वाकणे तेच राहिले.

आमच्या थोरल्या बंधूंची हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत त्यांची कंबर धरली. ‘मणका बसवून देतो’ म्हणणाऱ्या एका गृहस्थाने त्यांस पालथे घालून अशी काही पिळवटणूक केली की, चालत गेलेला माणूस घरी उचलून आणावा लागला. त्यानंतर कोणी सांगितले, हलू नका. म्हणून ते तीन महिने अंथरुणास खिळले. दुकानास कुलूप लागले, बांधलेली गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. आम्ही म्हणावे, “दादा, चार पावले तरी चालून पाहा.” त्यांनी उत्तर द्यावे, “अरे, मणका सरकला तर तो काय तू टाके घालून देणार आहेस?”

अशा वेळी लंडनला असलेला त्यांचा मुलगा रजेवर आला. त्याचीही पाठ दुखत असे, आणि तिकडे त्याने ऑस्टिओपॅथी नावाचे उपचार घेतले होते. त्याच्या तोंडून हा शब्द आम्ही प्रथम ऐकला आणि मास्तरकीच्या सवयीने त्याच्या मागे लागलो.

या पद्धतीचे जनक अँड्रू टेलर स्टिल हे अमेरिकेतील वैद्य. त्यांचा जन्म 1828 चा. 1864 साली मेंदूच्या आवरणाच्या तापाने त्यांची तीन मुले दगावली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. लहानपणी डोके दुखू लागले असता दोन झाडांना बांधलेल्या दोरीवर मान टेकून पडल्याने आपणांस आराम वाटला, अशी आठवण त्यांनी आत्मचरित्रात दिली आहे. 1874 साली त्यांनी आपली पद्धती जाहीर केली आणि 1892 साली मिसुरी प्रांतातील कर्क्सव्हिल येथे तिची पहिली शाळा काढली. हाडे व सांधे यांची रचना बिघडली की शरीराचे व्यापार बिघडतात, आणि ती हातांनी सुधारली की शरीर आपले आपण बरे होते, हा त्यांचा सिद्धांत.

सर्व रोगांचे मूळ हाडांत आहे, हे त्यांचे म्हणणे आजचे शास्त्र मानीत नाही. ते आपणही मानू नये. परंतु हात लावून दुखणे जाणण्याची जी शिस्त त्यांनी घालून दिली, ती टिकली. अमेरिकेत या शाखेचे पदवीधर आज पूर्ण डॉक्टर असतात. औषधे देतात, शस्त्रक्रियाही करतात. इंग्लंडमध्ये 1993 साली कायदा झाला आणि नोंदणीवाचून कोणी स्वतःस ऑस्टिओपॅथ म्हणवू नये, असे ठरले. तेथे ते मुख्यतः हातांनीच उपचार करतात. प्रथम रोग्याची सारी हकीकत विचारतात, त्याचे उभे राहणे व वाकणे पाहतात. मग स्नायू चोळणे, ताणणे, सांधा हलके हलविणे, क्वचित एक झटका देणे, असा त्यांचा क्रम असतो. झटक्यासरशी जो ‘कट्‌’ असा आवाज होतो, तो हाड जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यातील द्रवात वायूचा बुडबुडा होण्याशी त्याचा संबंध आहे. ‘मणका बसला’ म्हणून समाधान मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग गुण किती येतो? कंबरदुखीत काहींना बऱ्यापैकी आराम पडतो, सांधा काही काळ मोकळा होतो. इंग्लंडमधील आरोग्याच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी असे हस्तोपचार सांगितले आहेत. परंतु केवळ व्यायामाच्या जोडीने, एकटे नव्हेत. खेळाडूंचीही गोष्ट तीच. आखडलेले अंग मोकळे झाले तर सराव सुखाने होईल. पण नुसत्या चोळण्याने वेग वा ताकद वाढते, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. आपल्या तालमींतही मल्लांची मालीश होते. म्हणून कोणी वस्तादाने जोर-बैठका बंद केल्याचे आम्ही ऐकले नाही.

आमच्या पुतण्याचा अनुभव असाच होता. तो म्हणाला, “काका, पहिल्या दोन खेपांना त्यांनी पाठीला हात लावला, तिसऱ्या खेपेला व्यायाम शिकविला आणि म्हणाले, आता हे तुमच्या हाती.” त्याच्याच आग्रहाने दादांस आम्ही डॉक्टरांकडे नेले. मोठा दोष नाही अशी खात्री झाल्यावर व्यायामोपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यांस उभे केले. पहिल्या दिवशी अंगणापर्यंत, मग मारुतीच्या देवळापर्यंत. दोन महिन्यांनी दुकान अर्धा दिवस उघडले. दुखणे समूळ गेले नाही. पण ते आता अर्ध्या तासाने यंत्रावरून उठतात, चार पावले फिरतात आणि मग कात्री हाती घेतात. तीन महिने निजण्यात गेले, याचीच त्यांस खंत वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे 2020 साली जगात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांस कंबरदुखी होती. तेव्हा यात लाज कसली? बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत हलती होते. मात्र पायांतील शक्ती जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा येणे, दुखण्याबरोबर ताप असणे वा वजन घटणे, पडल्यानंतर दुखणे सुरू होणे, यांपैकी काहीही झाले तर चोळणाऱ्याकडे न जाता तत्काळ डॉक्टर गाठावा. म्हाताऱ्यांची हाडे ठिसूळ झालेली असतात, तेथे झटके देऊ नयेत. मानेस तर अनधिकारी माणसाचा हात लागूच देऊ नये. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या मानेतूनच जातात.

आता शेवटची विनंती. आपले समाजमंदिर लग्नसराई सोडली तर बहुधा बंदच असते. ते रोज पहाटे तासभर उघडावे. महिन्यातून एकदा एखाद्या पदवीधर फिजिओथेरपिस्टास बोलवावे आणि वर्गणीतून त्यांचे मानधन द्यावे. भगिनींनी संकोच न करता यावे. काज-बटणे करून त्यांच्याही माना अवघडल्या आहेत. किल्ली सांभाळण्याचे काम आम्ही पत्करतो.

उसवलेले वेळीच टाकले तर एका टाक्यात भागते, हे शिंप्याच्या घरात सांगावयास नको. दुसऱ्याचा हात आपली पाठ क्षणभर मोकळी करील. ती मोकळी ठेवणे आपल्याच हाती आहे.